कूलरमधली चपटी

प्रबुद्ध तायडे मूळचा अकोल्याचा. रेल्वेत डब्यांच्या दुरुस्तीवर असतो, नोकरीमुळे हिंदी मुलखात, खातीपुऱ्यात राहतो. गेल्या वर्षी दारूनं यकृत सुजलं, तेव्हा बायको मयूरी त्याला जवळच्याच बनी पार्क भागातल्या एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या समुपदेशक नीलिमाताईंनी त्याच्या हातात वही दिली. रोज लिहायचं: ताण किती, दारूची ओढ किती, दहापैकी. आणि प्यालात का?

पाच आठवडे त्यानं ओढीपुढे 'एक' लिहिलं. ते खोटं होतं. कामावर काही बिनसलं की दुपारपासूनच त्याचा घसा कोरडा पडायचा आणि डोक्यात दुसरं काही शिरायचं नाही. पण मोठा आकडा लिहायची त्याला लाज वाटे.

जूनमध्ये एका दुपारी त्याच्या हातून पाना निसटला. एक सहकारी ओरडला, "आज फिर पीकर आया है क्या?" सगळे हसले. त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता. तो सुटी टाकून घरी आला आणि सरळ कूलरचं झाकण काढलं.

टाकीतल्या पाण्यावर हिरवा तवंग होता, त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. तळाशी त्यानं पूर्वी लपवलेली दारूची चपटी होती. कोपरापर्यंत हात घालताना शेवाळ बोटांना चिकटलं. तरी त्यानं बाटली काढली. बाटलीच्या तोंडाशीही शेवाळ लागलं होतं. पुसायचाही धीर नव्हता. तशीच प्यायला आणि तिथंच ओकला.

मयूरी शाळेतली नोकरी आटोपून आली तेव्हा तो ओकारीशेजारी बसला होता.

"तुमच्या दाढीले हे काय लागलं?" ती म्हणाली. मग कूलर उघडा दिसला. तिनं पदर नाकाला लावला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

त्यानं स्वतःच फरशी धुतली. मग वहीत लिहिलं: ताण आठ, ओढ दहा, प्यालो.

"मले माहीच किळस आली होती, ताई. तरी पेलो," त्यानं नीलिमाताईंना सांगितलं.

"ओढ दहावर गेली की किळस कामाला येत नाही," त्या म्हणाल्या. "ओढ चार झाली की मला फोन करायचा. दहाची वाट पाहायची नाही."

त्यानंतर तो एकदा प्यायला, ऑगस्टमध्ये. बाकी दिवशी फोन करतो, कधी दिवसातून तीनदा. मयूरी आता त्याच्याशी बोलते, पण त्याच्या हातचं पाणी अजून घेत नाही.