साबणाचा फेस लागलेली नवरी

सोमवारी खोडाळ्याजवळच्या आमच्या शाळेत आठवीची हजेरी घेतली, तर वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी नाही. बाकीच्या मुली माना खाली घालून बसलेल्या... शेवटी एकीने हळूच सांगितलं, "बाई, तिचं लगीन झालंय. ग्रुपवर फोटू आलाय."

तेरा वर्षांची पोर. शनिवारी माझ्याकडे समीकरणं सोडवून घरी गेली आणि सोमवारी लग्न? डोकंच फिरलं माझं.

शाळा सुटल्यावर तिच्या पाड्यावर गेले. वडिलांनी फोटो दाखवला. गळ्यात हार, शेजारी कुणी अनोळखी तरुण... असला खोटा फोटो हल्ली फुकटच्या ॲपवर मिनिटात बनतो, पण अख्ख्या पाड्याने तो खरा धरलेला. पोर घरातच होती, लगीन झालंच नाही म्हणून रडून रडून सांगत होती, कुणी ऐकेना. "आता शाळा बास," वडील म्हणाले. "नाव गेलंच हाय, तर खरंच कुठं देऊन टाकतो."

मी फोटो मोठा करून पाहिला, तर हनुवटीवर पांढरा ठिपका. साबणाचा फेस! शाळेत हात धुण्याचा उपक्रम झाला, तेव्हाचाच चेहरा उचलला होता. माझ्या मोबाईलवर मूळ फोटो काढून शेजारी धरला... तीच लाल रिबीन, तोच फेस. म्हटलं, "दादा, नवरी तोंडाला साबण लावून उभी राहते का?"

त्यांनी दोन्ही फोटो आलटून पालटून पाहिले. मग विचारलं, "हा साबणाचा फोटू कुणी टाकला?"

मीच टाकला होता. शाळेच्या पेजवर, सगळ्या जगाला दिसेल असा, खाली नाव आणि इयत्तेसकट. वरून फर्मानच असतं ना... झाड लावलं, फोटो. खिचडी वाढली, फोटो. चेहरे स्पष्ट हवेत. इतकी वर्षं मुकाट्याने टाकत आले, एकाही आईबापाला विचारलं नाही. तसं त्यांना सांगितलं आणि माफी मागितली.

मंगळवारी त्यांच्याबरोबर जाऊन पोलिसांत तक्रार दिली, पेजवरचे मुलांचे सगळे फोटो काढले. एवढं झाल्यावर शिक्षण खात्याच्या कार्यालयातून मेसेज काय यावा? 'बनावट फोटोंबाबत जनजागृती कार्यक्रम घ्यावा. सहभागी मुलांचे फोटो पाचपर्यंत पाठवावेत.' कपाळावर हात मारून घेतला. फळ्याकडे बघणाऱ्या मुलांचा मागून काढलेला फोटो पाठवला. लगेच फोन, "मॅडम, चेहरे दिसत नाहीत." म्हटलं, दिसणारच नाहीत. नोटीस काढायची असेल तर काढा.

बुधवारी ती वर्गात आली. वडील स्वतः सोडायला आले होते, फाटकापर्यंत... "बाई, तुमच्या भरवशावर सोडतो," एवढंच म्हणाले. ज्या बाईमुळे हे सगळं झालं, तिच्याच हाती त्यांनी पुन्हा लेक दिली. त्यांचे आभार कुठल्या तोंडाने मानू, मला खरंच कळत नाही.