काही उगवलं नाही

क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडायचे आणि त्यातलं प्रिझर्वेटिव्ह त्यांना मारतं का, हे अठ्ठावीस दिवस बघत राहायचं, हे माझं काम. आज एका क्रीमचा शेवटचा दिवस होता. मी काचेची प्लेट खिडकीशी नेऊन उजेडात धरली. जंतू वाढल्याचा एकही ठिपका नव्हता.

"काय दिसतंय, मॅडम?" शेजारच्या टेबलावरून सुनीलने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि तो खूश झाला. काही न उगवणं हीच जिथे आनंदाची बातमी, अशी नोकरी मी बावीस वर्षं करतेय.

पण रिकाम्या प्लेटवर आम्ही लगेच विश्वास ठेवत नाही. कधीकधी जंतू जिवंतच असतात. क्रीमबरोबर प्लेटमध्ये आलेलं प्रिझर्वेटिव्ह त्यांना नुसतं दाबून ठेवतं. म्हणून आधी त्याचा जोर उतरवायचा आणि मग बघायचं. त्यानंतरही काही उगवलं नाही, तरच ते 'नाही' खरं.

संध्याकाळी घरी येऊन कुलूप उघडलं. सकाळी विसळून पालथा घातलेला एकुलता एक कप ओट्यावर तसाच होता. आता तो सरकवणारंही कुणी नाही. तेवढ्यात ताईचा फोन आला. आई गेल्यापासून ती रोज या वेळी करते.

"काय गं, काय विशेष?"

कपाकडे बघत मी म्हटलं, "काही नाही."

"बरं. वेळेवर जेव हं," म्हणून तिनं फोन ठेवला.

ताई लगेच विश्वास ठेवते.