ट्रॅकमधली दोन भोकं

घरमालक काकांनी माझ्यासमोर पहिला साप मारला तेव्हा मला त्यांच्याकडे राहायला येऊन आठच दिवस झाले होते. अकोल्यातल्या त्यांच्या घरामागे बाभळीच्या ओंडक्यांचा ढीग होता, त्यातून धामण निघाली. काका सत्तरीचे, एरवी जिना चढताना दोनदा थांबणारे. पण काठी हातात आली आणि माणूसच बदलला. पहिला फटका कमरेवर बसला. धामण वळली, तिचं अर्धं अंग जागेवरच राहिलं. दुसरा मानेवर. नंतरचे मोजण्यासारखे नव्हते. ती हलायची थांबली तरी काठी थांबली नाही. शेवटी दगड घेऊन त्यांनी तिचं डोकं ठेचलं, डोळे उरू दिले नाहीत.

"डोळ्यात आपली छबी राह्यते," ते धापा टाकत म्हणाले. "जोडीदार येऊन पाह्यते, मंग मारणाऱ्याचं घर शोधत येते."

मग गोवऱ्या रचून तिला जाळलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. मी मुळातच घाबरट. फोन वाजला तरी आधी वाटतं, काहीतरी वाईट झालंय.

काकांचा राग उगाच नव्हता. भातकुलीकडे त्यांचं वावर आहे. तिथे कपाशीची पऱ्हाटी निंदताना त्यांच्या धाकट्या भावाला नाग डसला. दवाखान्याऐवजी आधी त्याला बारीवाल्यांकडे नेलं, म्हणजे विष उतरायची गाणी म्हणतात तिथे. गाणं संपायच्या आत तो गेला, डोकं काकांच्या मांडीवर. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, वाटाणे सोलता सोलता. पुन्हा त्या विषयाचं नाव काढलं नाही.

आणि ह्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. मी कोकणातला, नववीत शाळा सोडलेला, खिडक्यांच्या ठेकेदाराबरोबर इकडे आलेला. पहिल्याच वर्षी मला कावीळ झाली. ठेकेदाराने फोन उचलायचं बंद केलं. काकांनी मला वरच्या खोलीतून खाली आणून स्वतःच्या खाटेवर झोपवलं, महिनाभर ताकातल्या कण्या खाऊ घातल्या. बायको वारलेली, मुलगे पुण्याला. "तू मेला तं तुह्या मायले मी काय सांगू?" एवढंच म्हणायचे. त्यामुळे मी पुढे जे केलं ते कोणत्या तोंडाने केलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

बरा झाल्यावर मी स्वतःच खिडक्यांची कामं घ्यायला लागलो. अमरावतीला एका निवृत्त प्राध्यापकांच्या गॅलरीला मी स्लायडिंग बसवलं होतं. प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांच्याकडे परदेशी जातीचे बिनविषारी साप होते, रीतसर नोंद केलेले. एक पिल्लू त्यांनी माझ्या मनगटावर ठेवलं. पेन्सिलीएवढं जाड, पिकल्या संत्र्याच्या रंगाचं. ते मनगटाभोवती वळसा घालून बसलं आणि माझ्या छातीतली धडधड, जी कायमची असते, ती खाली बसली. मला आयुष्यात कुणी काही सांभाळायला दिलं नव्हतं. मी म्हटलं, सर, हा मला द्याल का?

ते म्हणाले, "आधी घर कर. मग साप ने."

तीन महिने ते शिकवत राहिले. पेटीत एक बाजू गरम हवी, एक थंड, सापाला स्वतः निवडता आलं पाहिजे. दोन्हीकडे लपायला जागा. पाण्याचं भांडं त्याला पूर्ण बुडता येईल एवढं. खाली भुसा. भुसा मी आईकडून मागवला, नारळाच्या सोडणाचा, गाडीने पोतं आलं. लपायला मडक्याचे दोन तुकडे, कडा घासून गुळगुळीत केलेले. उबेसाठी पट्टी आणि तिचा ताप ठरवणारं यंत्र. काच माझी, ॲल्युमिनियम माझं. समोरून सरकणारी दोन दारं, कुलूप लावता येईल अशी. इतकं सुबक काम मी कुठल्या बंगल्यातही केलं नव्हतं.

खिडकी करणारा माणूस खालच्या ट्रॅकला, म्हणजे काच सरकते त्या पन्हाळीला, दोन भोकं पाडतोच. पावसाचं पाणी साचू नये, बाहेर निघावं म्हणून. ड्रिल हातात आलं की ती भोकं आपोआप पडतात, डोकं लागत नाही. पेटीत पाऊस पडणार नव्हता. तरी पाडली. करंगळी जाईल एवढी दोन भोकं, आणि वर भुश्याचा थर आला म्हणून मला ती पुन्हा दिसलीच नाहीत.

कागद माझ्या नावावर झाले आणि मी साप एसटीने अकोल्याला आणला. वरच्या खोलीत पेटीवर चादर टाकली. काकांनी विचारलं, "हे काय होय?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाचा नमुना आहे. एवढं साधं खोटं, पण त्या रात्रीपासून मी त्यांच्याबरोबर जेवायला बसणं टाळायला लागलो.

सापाला पहिल्यांदा खायला घातलं तेव्हा मला कळलं, मी काय पाळलंय. प्राध्यापकांकडून आणलेलं गोठवलेलं उंदराचं पिल्लू कोमट पाण्यात सैल केलं, चिमट्यात धरून पुढे केलं. तो मनगटावर निजणारा जीव गोळीसारखा सुटला. पिल्लू मेलेलंच होतं, तरी त्याने त्याला तीन वेढे घालून आवळलं, हिसडे दिले, पुन्हा आवळलं. त्याच्या लेखी ते अजून मरायचं होतं. मला काठी आठवली. मी चादर टाकली आणि बाहेर जाऊन बसलो.

एप्रिलात अकोला भाजायला लागलं. गरम पट्टी बंद केली, पेटी कूलरच्या वाऱ्याच्या वाटेत ठेवली, भुसा जाड वाटला म्हणून अर्धा काढला. तिथेच भोकं उघडी पडली.

रविवारी दुपारी मी भाजी घेऊन आलो तर पेटी रिकामी. कुलूप लावलेलं, काच शाबूत, साप नाही. मी जमिनीवर पालथा पडून कॉट, बादली, चपला सगळं पाहिलं. तेवढ्यात खालून काकांचा आवाज आला.

"अरे पोट्ट्या! काठी आन! कूलरात साप हाय!"

मी जिना उतरलो की पडलो, आठवत नाही. खालच्या कूलरच्या ओल्या गवतात तो बसला होता. त्याला थंडावा हवा होता आणि वरचा कूलर मी जाताना बंद केलेला, त्यामुळे घरात तेवढीच एक गार जागा होती. संत्र्याच्या रंगाचं डोकं जाळीतून बाहेर आलेलं. काकांनी तोवर स्वतःच काठी शोधून उचललेली होती, शेजारी राहणारा ट्रकवाला विटेचा तुकडा घेऊन कुंपणावरून उडी मारून आला होता.

"काका, थांबा! माझा आहे तो! विषारी नाही!"

"तुहा?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "साप कोनाचा नसते."

काठी कूलरवर आदळली. पत्रा दबला. साप निसटून फरशीवर पडला आणि भिंतीच्या कडेने माझ्याच दिशेने यायला लागला. दुसरा फटका त्याच्या शेपटीवर बसला. तो उलटा वळून काठीलाच चावला. एवढंसं तोंड. मी काठी दोन्ही हातांनी धरली. काकांनी हिसका दिला, मी दिला. "सोड! सोड म्हनतो!" त्यांचे डोळे माझ्यावर नव्हते, कुठेतरी मागे होते. मी त्यांच्या छातीवर खांदा मारला. माझ्या सगळ्या भीतीचा जोर त्यात होता. सत्तर वर्षांचा माणूस मागे उडाला, हात टेकवत पडला आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

त्याच वेळी वीट आली. शेजाऱ्याचा नेम चांगला होता. सापाचं डोकं फरशीला चिकटलं आणि बाकीचं अंग बराच वेळ वळत राहिलं.

मग शेजारी माझ्याकडे वळला. "म्हाताऱ्यावर हात टाकतं बे?" पहिली थप्पड कानावर, दुसरी तोंडावर. मी पडलो तर लाथ बरगडीत. मी हात वर केले नाहीत. खरं सांगायचं तर तेवढा मार कमीच वाटत होता. तोंडातलं रक्त गिळत मी सापाकडे पाहत होतो, आणि काकांच्या हाताकडे. मनगट भलत्याच कोनात लटकलेलं.

"बस कर," काका जमिनीवरूनच ओरडले. "त्याले काहून मारून राहिला तू? मोडला माहा हात, तुहा नाही."

"तुम्हालेच ढकललं त्यानं!"

"मले म्हाईत हाय. मी होतो ना तेथी. रिक्षा आन."

रिक्षात मी त्यांचा हात माझ्या मांडीवर ठेवला होता. दर खड्ड्याला ते "आई गं" म्हणायचे आणि मी "माफ करा" म्हणायचो. पाचव्यांदा म्हटल्यावर ते चिडले.

"चूप बस. सांगाले पायजे होतं तुनं."

"सांगितलं असतं तर ठेवू दिला असता?"

"नाही. तरी सांगाले पायजे होतं."

मग मी सगळं सांगितलं. पेटी, भुसा, प्राध्यापक, ट्रॅकमध्ये माझ्याच हाताने पाडलेली भोकं. ते डोळे मिटून ऐकत होते. दवाखान्याच्या दारात म्हणाले, "म्हंजे तुनं त्याले कोंडलं, अन् वाटबी तूच करून देली." आणि उतरता उतरता, "काय खाये तो?"

"उंदीर."

"माह्या कोठीत कित्येक होते लेका."

प्लास्टर झालं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हात हलवायचा नाही. बाकड्यावर बसल्यावर मी जे ठरवून आलो होतो ते बोललो. "काका, मी खोली सोडतो."

"कोठी जाशीन?"

"बघतो कुठेतरी."

"अन् माह्या पायजम्याची नाडी कोन बांधीन? तो टरकवाला? हात तुनं मोडला, नाडीबी तूच बांधशीन."

घरी आलो तेव्हा कूलरपाशी साप तसाच पडला होता, मुंग्या लागलेल्या. डोकं ठेचायचं काम उरलं नव्हतं. काका दारात उभे राहून पाहत होते. गोवऱ्या आण म्हणाले नाहीत. मी त्याला नारळाच्या भुश्यात गुंडाळून बाहेर नेलं आणि पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली. मी खाली बसून नाडी हातात घेतली. गाठ मी सैलच बांधत होतो, ती दोनदा सुटली. त्यांचं पोट माझ्या नाकाशी, प्लास्टर माझ्या डोक्यावर.

"जोरानं ओढ ना," काका म्हणाले. "आता भेतं काहून?"

मी ओढली.