दार लावून थाप

मालकीणबाईंनी तोंडाजवळ नेलेला दुसरा घास परत ताटलीत ठेवला. भाकरी मी थापलेली होती. त्यांच्या डाव्या हातात माझा चौथीचा दाखला होता.

पहिला घास खाऊन त्याच म्हणाल्या होत्या, "लई पातळ थापलीस गं. कुठं शिकलीस?"

मुरुम गावात त्यांचा कडक भाकरीचा धंदा. मदतनीस बाई पाहिजे, असं कळलं म्हणून गेले होते. गुडघ्यानं शेतातलं काम सुटलं होतं. बसून करायचं दुसरं काम मला येत नव्हतं. आदल्या दिवशी लेकीनं तयारी करून घेतली. "आई, खाली बघून बोलू नको. शाळा विचारली तर चौथी सांग. लाजू नको." मला वाटलं, शाळाच बघतील. म्हणून कुणी न मागता दाखला मीच पुढं केला. त्यांनी शाळेच्या आधी जातीचा रकाना वाचला.

"भाकरीत खोट न्हाय," त्या म्हणाल्या. "पण गिऱ्हाईक विचारतंय, कोण थापतंय म्हणून. तू मागं भांडी घास, अंगण झाड. पिठाला हात लावू नको."

मी "बरं" म्हणाले. तेवढंच. ताटलीतली उरलेली भाकरी त्यांनी माझ्याकडं सरकवली. "खाऊन टाक." ती मी खाल्ली. त्या खाण्याची लाज अजून जात नाही.

तीन महिने मागच्या दारानं आले, मागच्या दारानं गेले. भिंतीपलीकडं बायका थापायच्या. कुणाची भाकरी जाड होतेय, ते मला आवाजावरून कळायचं. मी त्यांच्या पराती घासायची.

लग्नसराईत एक दिवस दोन बायका आल्याच नाहीत. मालकीणबाई मागं आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "आत ये. पुढचं दार लावून घे. आज तू थाप. कुणाजवळ बोलू नको."

मी दार लावलं. काठवटीपुढं बसले. पीठ मळलं. हाताला किती बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि तेव्हाच समजलं, यांना मदतनीस कशी पाहिजे ते. हात पाहिजेत. बाई दिसायला नको.

मी उठले. दार सताड उघडलं. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"येडी झालीस का? लाव ते."

"उघडं राहू द्या. न्हायतर तुमीच थापा."

"मग नीघ. तुझ्यासारख्या छप्पन मिळतेत."

हाताचं पीठ न धुता निघाले. पुढच्या दारानं.

गुडघा तसाच आहे. काम अजून नाही. दोन ठिकाणी विचारून आले. दोन्हीकडं म्हणाले, आधी भाकरी थापून दाखव. मी आधी दाखला ठेवला, जातीचा रकाना दिसेल असा. दोन्हीकडून परत आले.

तिसरीकडं जाईन. तिथंही तसाच ठेवीन. दाखला वाचल्याशिवाय आता माझी भाकरी कुणी चाखायची नाही.