गाण्यापुरती जागा

मूल गावच्या बाजार रोडवर अयूबभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ येणं कधीच बंद झालं. आता मिक्सर येतात, एखादी कुकरची शिटी येते, आणि दुपारी चारला दोन म्हातारे येतात, ज्यांची दुरुस्ती अयूबभाईंनाही जमलेली नाही. एक निवृत्त मास्तर गुणवंतराव, दुसरे भातगिरणीतले रामाजी.

विषय एकच, बायनाबाई. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत त्या पंचवीस वर्षं गायल्या. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरू लागली की बाईंचं नाटक कुठे आहे एवढंच हे तिघं विचारत. बाकी जगाची चौकशी होळीनंतर. रेडिओवर बाईंच्या तीन मुलाखती झाल्या, तिन्ही फार वर्षांपूर्वी. अयूबभाईंनी त्या कॅसेटवर भरून घेतल्या, आणि भांडण तेव्हापासूनचं आहे. बाई मुलाखतीत "ऐका" म्हणून गायला लागत आणि गाणं संपलं की विचारत, "जमलं नं?"

"भीती होय ते," गुणवंतराव म्हणत. "मायकासमोर हात थरथरत असन बाईचा."

"कायची भीती, गुरुजी! नखरा होय. तारीफ पायजे होती तिले."

"तुमी तांदळातले खडे पाहा, रामाजी. मानसं तुमाले समजत नाई."

अयूबभाई कॅसेट मागे घेत, पुन्हा लावत. निकाल लागत नसे.

कॅसेटमध्ये गाणी नव्हती, याबद्दल मात्र कोणी बोलत नसे. बाईंनी "ऐका" म्हटलं की अयूबभाई पॉजचं बटण दाबत आणि गाणं संपलं की सोडत. गाणं तर दर मंडईत समोर बसून ऐकायचं, त्यात कॅसेट कशाला घालवायची? बाईंचं बोलणं स्टेजवर मिळत नसे, ते जपायचं. तर्क बिनतोड होता. फक्त माणूस मरतो, हे त्यात धरलेलं नव्हतं.

यंदा बायनाबाई गेल्या. नवव्या दिवशी त्यांची मुलगी रोशनी दुकानात आली. ती बल्लारपूरला नर्स आहे.

"अयूबमामा, रविवारी मायचं पुण्यानुमोदन आहे. एक गानं लावाचं होतं तिच्या आवाजात. कोनाकडंच नाई. सगळे म्हनतात, तुमच्याकडं आहे."

रामाजींना अचानक छताचा पंखा पाहण्यासारखा वाटला. गुणवंतराव चष्मा पुसू लागले. अयूबभाईंनी कॅसेट लावली.

"ऐका." खट्. "जमलं नं?"

तिन्ही मुलाखतींत तेच.

"अन् गानं?"

"मीच कापलं, बेटा. मले वाटलं, बाई तर आहेच."

रोशनी वळली. हेल्मेट काउंटरवर विसरून गेली, मग परत येऊन घेऊन गेली. दोन्ही वेळा तिने कोणाकडे पाहिलं नाही.

ईदशिवाय कधी बंद न होणारं दुकानाचं शटर पुढचे दोन दिवस अर्धं खाली होतं. आत तिघं घड्याळ घेऊन बसलेले.

"दुसऱ्या कडव्यानंतर पेटी किती वाजे?" अयूबभाईंनी विचारलं.

"लय वाजे."

"लय म्हंजे किती, रामाजी? सेकंदात सांगा नं!"

रविवारी बाईंच्या अंगणात मांडव होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या. वंदना झाली. अयूबभाईंनी टेपरेकॉर्डर खुर्चीवर ठेवला.

"ऐका," बाई म्हणाल्या.

या वेळी खट् झालं नाही. काहीच झालं नाही. कोरी टेप नुसती फिरत राहिली. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मशीन बिघडली असं वाटून रोशनी उठली, तर अयूबभाईंनी हात वर केला.

गुणवंतरावांची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. ते पाहून मागच्या बायकांमधली एक मान हलली, मग दुसरी. कोणी गायलं नाही. मध्ये एका जागी, जिथे बाई सूर लांबवून धरत, अर्ध्या मांडवाने श्वास रोखला. रामाजींचे डोळे मिटलेले होते. चार मिनिटं दहा सेकंद, बाईंचं गाणं होतं तेवढीच.

"जमलं नं?" बाईंनी विचारलं.

रोशनी उभी होती तिथेच खाली बसली.

"जमलं, माय."

रामाजी गुणवंतरावांच्या कानाशी वाकले. "नखरा नाई, भीतीच होती, गुरुजी," ते म्हणाले.