ओठाला टेकलेली जीभ

बडनेऱ्याच्या फलाटावर खिडकीचा गज धरून आई म्हणाली होती, "पोचला का आवाज देजो." शेजारी माझा पुण्याचा मित्र बसला होता, आम्ही दोघं एकाच कंपनीच्या नोकरीवर अमेरिकेला निघालो होतो. त्याच्या कानावर आपली वऱ्हाडी पडू नये म्हणून मी म्हणालो, "हो आई, पोहोचल्यावर नक्की कळवीन." पाहुण्याकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली. ताई, तू तिच्या मागेच उभी होतीस. तू हसलीस. ते हसू मला अजून टोचतं.

वऱ्हाडी मी तिथेच गिळली. इथे अमेरिकेत, चँडलर गावातल्या घरात आधी पुस्तकी मराठी, मग लेक, अन्वी, शाळेत जायला लागल्यावर सोयीचं इंग्लिश. आई फोनवर आसुसून काही विचारायची आणि अन्वी "हाय ग्रँडमा, बाय ग्रँडमा" करून पळायची. मी कधी अडवलं नाही.

आता ती भाषाशास्त्रात पीएचडी करतेय. विषय, पॅसिफिकमधल्या एका बेटाची भाषा, जी बोलणारं आता कुणीच उरलेलं नाही. आपण 'प' किंवा 'म' म्हणताना ओठावर ओठ मिटतो. त्या भाषेतली काही व्यंजनं जिभेचं टोक वरच्या ओठाला टेकवून काढायची. जुन्या टेप ऐकत अन्वी बाथरूमच्या आरशापुढे तासन्‌तास हेच करायची. 'ळ' शिकवायला गेलो की "बाबा, क्लोज इनफ!" म्हणणारी हीच पोरगी. स्पष्टच सांगतो, एका मेलेल्या भाषेवर मी जळत होतो.

त्याहून जास्त, पलीकडच्या मेसा गावात राहणाऱ्या एका म्हातारीवर. ती भाषा बोलणारी शेवटची बाई म्हणजे या म्हातारीची आई. हिला स्वतःला मोजके शब्द येतात, पण आईचे ओठ कसे हलायचे ते पक्कं आठवतं. दर रविवारी अन्वी तिच्याकडे. आणि हाक काय मारते? "आजी!" म्हणजे शब्द येत होता पोरीला. आपल्या आईच्या वाट्याला तेवढा आला नाही.

एका रविवारी अन्वीची कार गॅरेजमध्ये होती म्हणून मी तिला सोडायला गेलो आणि तिथेच बसून राहिलो. तेवढ्यात तुझा फोन. एरवी मी कट करून 'इन अ मीटिंग' टाकतो. त्या दिवशी, जळफळाटातच म्हण, उचलला.

"काहून रे, फोन काहून उचलत नाई तू?"

"कामात होतो वं बाई."

"पोट्टी कशी हाये?"

"हे काय, जीभ ओठाले लावून बसली हाये."

"साय चाटते का काय!"

मी मोठ्यानं हसलो. मग तुझं सुरू झालं, कोणाची सून रुसली, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, आणि मी "हव, हव" करत कितीतरी वेळ बोलत बसलो.

फोन ठेवला तर दोघी माझ्याकडेच बघत होत्या. अन्वी म्हणाली, "बाबा, यू नेव्हर टॉक लाइक दॅट." म्हातारीनं पलीकडे कोण होतं ते विचारलं. बहीण, म्हटलं. ती तिच्या इंग्लिशमध्ये हळूच म्हणाली, "माझी आई शेवटी कोंबड्यांशी बोलायची. ऐकायच्या बिचाऱ्या." आणि माझ्या हातातल्या फोनकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला कुणी सांगावं लागलं नाही. महिनोन्‌महिने तेच तोंड घेऊन मी घरात वावरत होतो.

आता अन्वी तुला परस्पर फोन करते, हे कळलंय मला. परवा तिच्या खोलीतून "काहून वं आत्या?" ऐकू आलं आणि स्पीकरवर तुझं ते हसू, फलाटावरचंच. मी बाहेर जिन्यात बसून ऐकलं. खरं सांगू, पुन्हा जळालो, या वेळी तुझ्यावर. आई नाही, बडनेऱ्याला उतरून जायला आता आपलं दार नाही. माझं घर उरलंय ते तुम्हा दोघींच्या त्या बोलण्यात, आणि मी जिन्यात.

मध्येच कधी मलेबी आवाज देजो.