मी घातलेली शपथ

आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीत अजून सांगतात, डॉक्टरकाकांनी एका शपथेत त्या मुलीचं स्वतःला जखमा करणं बंद केलं. दवाखाना मी कधीच बंद केला, तरी परवा एक बाप मुलीला घेऊन आला आणि म्हणाला, हिलाही शपथ घाला. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. खरं काय ते लिहून टाकतो.

ती मुलगी अकरावीत होती. भर मे महिन्यात लांब बाह्यांचा कुर्ता. मी जखमा धुतल्या, पट्टी बांधली आणि का करतेस हे विचारलंच नाही. तिचा हात आईच्या डोक्यावर ठेवला आणि पुन्हा करणार नाही म्हणून वदवून घेतलं. आई माझ्या पाया पडायला वाकली. मला फार बरं वाटलं.

नंतर मुलगी आलीच नाही. मी समजलो, सुटली. पावसाळ्यात आईला डेंग्यू झाला. मी तपासायला गेलो तर आई म्हणाली, ‘पोरगी खोलीत येत नाय हो. दारातूनच बघते.’

तिथंच माझ्या लक्षात आलं. शपथ मोडली होती, आणि आईचा ताप पोरीने स्वतःच्या माथी घेतला होता.

घरी येऊन मी पनवेलच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंना फोन केला, शपथेचंही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, अशा मुलांना बहुतेकदा मरायचं नसतं, आत असह्य झालेलं घडीभर थांबवायचं असतं. तरी मरणाचा विचार येतो का, हेही सरळ विचारा. वचन घेतलं की लपवणं तेवढं वाढतं.

संध्याकाळी परत गेलो. ती दारातच उभी होती. लहानपणी शपथ सोडवताना म्हणायचो तेच म्हणालो, ‘शपथ सुटली.’

‘काका, तुमी पहिलीत आहात का?’

‘घातली मी, सोडवणारही मीच. ताप डासामुळे आलाय, तुझ्यामुळे नाही.’

ती बाही ओढत राहिली. ‘आणि परत झालं तर?’

‘तर येऊन सांग. पट्टी बांधू. ओरडणार नाही.’

मग, पहिल्यांदाच, विचारलं की जखम करण्याआधी तुला काय होतं. मरावंसं वाटतं का, तेही विचारलं. ती आत गेली, आईच्या पायाशी बसली आणि तिथून उत्तर देऊ लागली.

पुढचे उपचार त्या बाईंनी केले. मधूनमधून पुन्हा झालं, पण ती सांगत गेली.

परवाच्या बापाला हे सगळं सांगितलं, बाईंचा नंबर दिला. तो नाराज होऊन गेला. घरी जाऊन त्याने शपथ घातली असेल का, हेच डोक्यात फिरतंय. उद्या त्यांच्या दारात जाणार आहे.